फाटकापासून दारापर्यंतची वाट

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. घर बांधून झालें, वास्तुशांत झाली, पाहुण्यांनीं दिवाणखान्याची वाखाणणी केली, म्हणजे या म्हणीचा अर्धा भाग आपल्यापुरता संपला असें गृहस्थास वाटूं लागतें. परंतु एक लहानसें काम बहुधा उरलेलें असतें, किंवा एकदां झालेलें असूनहि चारपांच वर्षांत पुन्हां डोकें वर काढतें. तें काम म्हणजे रस्त्यावरील फाटकापासून घराच्या दारापर्यंतची वाट. पुण्यानाशकाच्या बंगल्यांच्या वसाहतींत, नागपुरांतील ऐसपैस आवारांत, किंवा गांवाबाहेर नव्यानें उठलेल्या जोडघरांच्या रांगांत हा पंचवीसतीस फुटांचा पट्टा हटकून असतो. घरांत येणारें प्रत्येक पाऊल, मोटारीचें प्रत्येक चाक आणि पावसाळ्यांतील पाण्याचा प्रत्येक लोट यांची गांठ प्रथम त्याच्याशीं पडते. तो नीट असला तर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. बिघडला म्हणजे मात्र घरांतील वृद्ध मंडळींचा पाय घसरतो, जोत्याशीं पाणी सांचतें, आणि दुरुस्तीच्या निमित्तानें घरमालक व ठेकेदार यांच्यांत जी तेढ उत्पन्न होते ती वाटेपेक्षांहि अधिक काळ टिकते.

ही तेढ लबाडीमुळें उत्पन्न होते असा सर्वसाधारण समज आहे, आणि कांहीं ठिकाणीं तो खराहि ठरतो. परंतु पुष्कळ वेळां तिचें कारण निराळें असतें. घरमालक वरचें पृष्ठ डोळ्यांपुढें ठेवून काम मागतो. ठेकेदार त्या पृष्ठाचाच दर सांगतो. आणि ज्या थरांवर वाटेचें सारें आयुष्य अवलंबून असतें, त्या खालच्या थरांविषयीं दोघांपैकीं कोणीहि अवाक्षर काढीत नाहीं. पुढें वाट खचली म्हणजे मालक म्हणतो, "इतके पैसे घेऊन असें काम?" आणि ठेकेदार म्हणतो, "साहेब, तुम्ही फरशी सांगितली होती, फरशी मीं बसविली." दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें खरें असतें. म्हणून ठेकेदारास बोलावण्यापूर्वीं घरमालकानें हें काम मुळांत काय आहे तें समजून घेणें अगत्याचें आहे.

पहिला प्रश्न असा कीं, जुनी वाट मोडली कां? हा प्रश्न न विचारतां जो नवी वाट घालतो तो जुन्या रोगावर नवें वस्त्र पांघरतो. दख्खनच्या पठारावरील काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली असून तिच्यांत माँटमोरिलोनाइट नांवाच्या चिकणमातीचा अंश मोठा असतो. हा पदार्थ पाणी शोषून फुगतो आणि वाळला म्हणजे आक्रसतो. उन्हाळ्यांत काळ्या रानांत ज्या खोल भेगा पडलेल्या दिसतात त्या याच गुणामुळें. अशा मातीवर सरळ फरशी मांडली तर ती दर पावसाळ्यांत उचलली जाते आणि दर उन्हाळ्यांत खालीं बसते. चार वर्षांच्या या उठाबशींत तिचा टिकाव लागणें शक्य नसतें. दुसरें कारण म्हणजे भराव. जोतें बांधतांना पायाच्या भोंवतीं खोदलेली माती आणि विटांचे तुकडे पुन्हां खड्ड्यांत लोटून देतात. हा भराव नीट न ठोकल्यास पुढें कित्येक वर्षें तो आपल्याच वजनानें बसत राहतो. दारापाशींची फरशी नेमकी भिंतीजवळ खचते याचें रहस्य बहुधा हेंच असतें. तिसरें कारण वजनाचें. जी वाट सायकलीसाठीं आणि पायीं चालणाऱ्यांसाठीं घातली होती तिच्यावरून आतां मोटार जाते, आणि उन्हाळ्यांत पाण्याचा टँकरहि आंत येतो. दहा हजार लिटरच्या टँकरांतील नुसतें पाणीच १० टन भरतें. गाडीचें वजन आणखी निराळें. याशिवाय गळका नळ, तुंबलेलें गटार किंवा जवळच्या झाडाचीं मुळें हींहि कारणें असूं शकतात.

यावरून ठेकेदाराची पहिली परीक्षा सहज करतां येते. जो येतांच टेप काढून लांबीरुंदी मोजतो आणि लागलीच दर सांगतो, त्याच्यापेक्षां जो आधीं पहार मागून एक कोपरा उकरून पाहतो तो अधिक भरंवशाचा समजावा. "जुन्यावरच दोन इंच काँक्रीट ओतून देतों, खोदाईचा खर्च वांचेल," हें वाक्य तर विशेष सावधपणें ऐकावें. खालची भेग अशा पातळ थरांतून लवकरच वर उमटते. आणि वाटेची पातळी दोन इंचांनीं चढल्यामुळें पूर्वीं रस्त्याकडे जाणारें पाणी जोत्याकडे वळण्याचा संभव असतो. वांचलेला खोदाईचा खर्च मग भिंतीला ओल येऊन रंगांत आणि गिलाव्यांत भरून निघतो.

आतां चांगल्या वाटेच्या पोटांत काय असावें तें पाहूं. प्रथम काळी माती आणि सैल भराव काढून टाकावा लागतो. त्या जागीं चांगला मुरूम सुमारें सहा सहा इंचांच्या थरांनीं पसरून, प्रत्येक थरावर पाणी मारून, धुम्मसानें किंवा लहान रोलरनें ठोकावा लागतो. एकदम दीड फूट मुरूम टाकून वरून कितीहि ठोकला तरी खालचा भाग सैलच राहतो; म्हणून थर हा शब्द येथें महत्त्वाचा. त्यावर दगडांचें सोलिंग येतें. हे दगड हातानें उभे रचून त्यांमधील पोकळी बारीक खडीनें व मुरुमानें भरतात. मोटारीच्या वाटेस हें सोलिंग साधारणतः सहा ते नऊ इंच जाडीचें करतात. या दोन थरांना कोणी पाहुणा नांवाजीत नाहीं, परंतु वरच्या चाकाचा भार जमिनीवर विस्तृत पसरून देण्याचें काम तेच करतात. कोकणांत जेथें वर हातभर मातीखालीं जांभा खडक लागतो, तेथें हा खटाटोप बराच कमी होतो. काळ्या मातीच्या प्रदेशांत तो टाळतां येत नाहीं.

वरचें आच्छादन कशाचें असावें याची निवड त्यानंतरची. शहाबादी फरशी आपल्या परिचयाची आहे. कर्नाटकांतील शहाबादच्या परिसरांत निघणारा हा चुनखडीचा दगड स्वस्त, थंड आणि पायास सुखद असतो. परंतु तिच्याखालीं जराशीहि पोकळी राहिली आणि वरून मोटार गेली तर एक इंच जाडीची फरशी तडकते. चालण्याच्या वाटेस ती उत्तम. चाकांच्या वाटेस जाड आणि घडीव दगडच हवा. गुळगुळीत घासलेली फरशी तर पावसाळ्यांत शेवाळ धरल्यावर साक्षात् अपघातास निमंत्रण. पेव्हर ब्लॉकचा गुण असा कीं, खालून नळ किंवा तार न्यावयाची झाल्यास ते उचलून पुन्हां बसवितां येतात. दोष असा कीं, कडेला काँक्रीटची पक्की धार नसल्यास ते हळूहळू पसरतात आणि सांधे उघडे पडतात. मोटारीसाठीं ६० मिलिमीटरपेक्षां कमी जाडीचे ब्लॉक घेऊं नयेत, आणि टँकर येत असेल तर ८० मिलिमीटरचे घ्यावे. भारतीय मानक १५६५८ हें या ब्लॉकांसाठींच आहे. त्या मानकाप्रमाणें माल आहे काय, असें विक्रेत्यास विचारण्यांत संकोच धरूं नये. डांबराचा विचार घरगुती वाटेसाठीं फारसा सोयीचा नाहीं. तें मोठ्या यंत्रावर गरम मिसळून आणावें लागतें, थोड्या कामास कोणी उत्साहानें येत नाहीं, आणि उभ्या मोटारींतून ठिबकणारें तेल त्यास मऊ करतें.

राहतां राहिलें काँक्रीट. त्याविषयीं थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे, कारण घरोघर तें वापरलें जातें आणि त्याविषयींचे गैरसमजहि घरोघर आढळतात. इंग्लंडांतील लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन नांवाच्या गवंड्यानें १८२४ सालीं ज्या सिमेंटचें पेटंट घेतलें त्यास पोर्टलंड येथील दगडाच्या साम्यावरून पोर्टलंड सिमेंट असें नांव पडलें. आजचें सिमेंट त्याचेंच सुधारलेलें वंशज होय. सिमेंट वाळून घट्ट होतें, असें पुष्कळ सुशिक्षित लोकहि समजतात. वस्तुतः त्याचा पाण्याशीं रासायनिक संयोग होतो आणि त्या संयोगानें तें दगडासारखें बनतें. पाणी लवकर उडून गेलें तर हा संयोग अर्ध्यावर थांबतो आणि काँक्रीट कायमचें कच्चें राहतें. म्हणून ओतल्यानंतर त्यास ओलें ठेवणें हा कामाचाच भाग आहे. भारतीय मानक ४५६ यांत साध्या सिमेंटसाठीं किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटसाठीं किमान १० दिवस ओलावा ठेवण्यास सांगितलें आहे. कोरड्या व उष्ण हवेंत हीच मुदत अनुक्रमें १० आणि १४ दिवस धरावी. सकाळसंध्याकाळ नळीनें शिंतोडे उडवून हें साधत नाहीं. पृष्ठावर वाळूचीं किंवा मातीचीं लहान आळीं करून त्यांत पाणी उभें ठेवावें, नाहींतर ओलीं गोणपाटें सतत पसरून ठेवावीं.

याच्या उलट, मिसळतांना मात्र पाणी हात राखून घालावें लागतें. पाणी अधिक असलें कीं काँक्रीट पातळ होऊन भराभर पसरतें, बिगाऱ्यांचे श्रम वांचतात. परंतु संयोगास न लागलेलें जास्त पाणी पुढें उडून जाऊन आंत सूक्ष्म छिद्रें ठेवतें आणि ताकद घटते. वाटेस योग्य असें जें एम-२० दर्जाचें काँक्रीट, त्याचें प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी असें धरतात. या मिश्रणास ५० किलोच्या एका गोणीमागें ३० लिटरपेक्षां अधिक पाणी नसावें. ओल्या वाळूंतील पाणीहि या हिशेबांत धरलेलें असतें, हें विसरूं नये. मोटारीच्या वाटेस पांच इंच जाडी पुरते. दर दहाबारा फुटांवर, जाडीच्या सुमारें चौथ्या हिश्शाइतका खोल, आडवा सांधा ठेवावा. काँक्रीट आक्रसतांना कोठेंतरी तडकणारच. सांधा ठेवल्यानें तें आपण सांगूं तेथें तडकतें. वरचें पृष्ठ खराट्यानें किंवा ब्रशानें खरबरीत करावें. गुळगुळीतपणा यावा म्हणून वर कोरडें सिमेंट भुरभुरविण्याची गवंड्यांची आवड असते; तिला आवर घालावा, कारण तो थर पुढें पापुद्र्यांनीं सुटतो.

एवढी माहिती हातीं असली म्हणजे घरमालकास थोडें अंकगणितहि करतां येतें, आणि तें फार उपयोगीं पडतें. समजा, वाट ३० फूट लांब, १० फूट रुंद आणि काँक्रीट ५ इंच जाड आहे. क्षेत्रफळ ३०० चौरस फूट. त्यास पांच इंच, म्हणजे एका फुटाच्या पांच बारांश, यांनीं गुणिलें असतां १२५ घनफूट होतात. वर सांगितलेल्या प्रमाणानें इतक्या काँक्रीटला सुमारें २८ गोण्या सिमेंट लागतें. वाळू अर्ध्या ब्रासहून किंचित् अधिक आणि खडी, जिला विदर्भांत गिट्टी म्हणतात, ती सुमारें एक ब्रास. सांडलवंड धरून ३० गोण्या आणवाव्या. काम संपल्यावर रिकाम्या गोण्या मोजल्या आणि त्या अठराच भरल्या, तर काय घडलें तें सांगण्यास तज्ज्ञाची गरज राहत नाहीं. गोणीवर सिमेंट कोणत्या आठवड्यांत तयार झालें तें छापलेलें असतें. तीन महिन्यांहून जुनें सिमेंट ओल शोषून दुबळें झालेलें असूं शकतें, म्हणून तेंहि वाचून पाहावें.

येथें ब्रास या शब्दाविषयीं एक सूचना. खडी, वाळू, मुरूम यांच्या बाबतींत ब्रास म्हणजे १०० घनफूट. फरशी, गिलावा यांच्या बाबतींत ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. एकच शब्द दोन अर्थांनीं वापरला जात असल्यामुळें हिशेबाच्या वेळीं वाद होतात. कागदावर चौरस फूट कीं घनफूट हें स्पष्ट लिहिलें म्हणजे वादाचें मूळच उरत नाहीं. खडीची गाडी आली म्हणजे ती रिकामी होण्यापूर्वीं आंतील मालाची लांबी, रुंदी, उंची मोजून घ्यावी. यांत अविश्वास दाखविण्यासारखें कांहीं नाहीं. किराण्याच्या दुकानांत तराजूकडे पाहिल्यानें दुकानदाराचा अपमान होत नसतो.

ठेकेदार निवडतांना त्याचें नुकतेंच पुरें झालेलें काम पाहण्यांत विशेष अर्थ नाहीं. नवी वाट सगळीच सुंदर दिसते. दोन पावसाळे ज्याच्यावरून गेले आहेत असें काम दाखवावयास सांगावें, आणि त्या घरच्या मंडळींस दोन प्रश्न विचारावे. पाणी कोठें सांचतें काय, हा पहिला. आणि काम संपल्यावर बोलाविलें असतां हा गृहस्थ आला काय, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून माणसाची पारख अधिक होते. तीन ठेकेदारांकडून दर मागवावे. परंतु तिघांना एकच लेखी वर्णन द्यावें. एकानें सोलिंगसह दर दिला, दुसऱ्यानें त्याखेरीज, तिसऱ्यानें नुसत्या मजुरीचा, तर त्या तीन आंकड्यांची तुलना करणें म्हणजे आंबे, चिंचा आणि बोरें एकाच तराजूंत घालण्यासारखें आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची प्रसिद्ध होत असते. अंदाज बांधण्यास तिचा उपयोग होतो. सर्वांत कमी दर नाकारावा असें नाहीं, पण तो कमी कशामुळें आहे तें विचारावें. उत्तर समाधानकारक असलें तर ठीक. "तुमच्यासाठीं म्हणून," एवढेंच उत्तर आलें, तर ती कसर पुढें मुरुमांत किंवा सिमेंटांत काढली जाणार असें समजावें.

यानंतर लेखी कराराची गोष्ट. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणें तोंडी करारहि करारच असतो. परंतु तो सिद्ध करण्याची पाळी आली म्हणजे दोन माणसांच्या दोन स्मृति एकमेकींसमोर उभ्या राहतात. म्हणून साध्या मराठींत लिहिलेला दोन पानांचा कागद पुरे, पण तो असावा. त्यांत खोदाई किती खोल, मुरूम व सोलिंग किती जाड, काँक्रीटचें प्रमाण काय, सांधे किती अंतरावर, माल कोणी आणावयाचा, पाणी व वीज कोणाची, राडारोडा कोणी उचलावयाचा, काम केव्हां सुरू व केव्हां पुरें करावयाचें, आणि ओतल्यानंतर दहाचौदा दिवस पाणी मारण्याची जबाबदारी कोणाची, हें सर्व यावें. यांतील शेवटची बाब क्षुल्लक वाटते; प्रत्यक्षांत बहुतेक घरगुती कामें येथेंच बिघडतात. काँक्रीट ओतून मंडळी दुसऱ्या कामावर निघून जातात, मालक समजतो ठेकेदार पाणी मारील, ठेकेदार समजतो घरचीं माणसें मारतील, आणि चार दिवसांच्या उन्हांत सारे श्रम वायां जातात.

पातळी आणि उतार यांचा उल्लेखहि करारांत हवाच. पन्नास फुटांस एक फूट हा उतार सोयीचा. तीस फुटांच्या वाटेस तो सुमारें सात इंच होतो. तो घराकडून बाहेरच्या बाजूस असावा. पुष्कळ ठिकाणीं वारंवार डांबरीकरण होऊन रस्ताच आवारापेक्षां उंच झालेला असतो. तेथें दारासमोर जाळीची आडवी नाली घेऊन पाणी बाजूस न्यावें लागतें, आणि तें शेजाऱ्याच्या आवारांत सोडून भागत नाहीं. काम सुरू होण्यापूर्वींच पाण्यानें भरलेल्या पारदर्शक नळीनें पातळी काढून, वाट पुरी झाल्यावर ती कोठें येणार याची रेघ जोत्यावर आंखून ठेवावी. पाण्याचे नळ, सांडपाण्याची वाहिनी, विजेची तार आणि कोठें कोठें स्वयंपाकाच्या गॅसची नळी जमिनीखालून गेलेली असते. त्यांच्या जागा खुणा करून दाखवाव्या. फाटकाबाहेरची जागा आपली नसते. तेथें उतरण बांधावयाची किंवा पदपथास हात लावावयाचा तर नगरपालिकेची वा महानगरपालिकेची परवानगी आधीं घ्यावी. रस्त्याकडेची नाली बुजविणें हें तर सर्व आळीस पाण्यांत बसविण्यासारखें आहे.

पैसे कामाच्या टप्प्यांनीं द्यावे. आगाऊ रक्कम आणावयाच्या मालाच्या किंमतीइतपत असावी. दुसरा हप्ता मुरूम व सोलिंग पुरें झाल्यावर द्यावा. परंतु तें झांकलें जाण्यापूर्वीं उभयतांनीं मोजून घ्यावें आणि त्याचीं छायाचित्रें काढून ठेवावीं, कारण एकदां वर काँक्रीट पडलें कीं खालचा पुरावा कायमचा पुरला जातो. तिसरा हप्ता वरचें काम झाल्यावर, आणि उरलेला पाणी मारण्याची मुदत संपल्यावर. एकूण रकमेच्या शेंकडा पांच ते दहा इतका भाग एक पावसाळा जाईपर्यंत मागें ठेवावा आणि तसें आधींच लिहावें. वाढीव काम निघालें तर तें करण्यापूर्वीं त्याचा दर ठरवून दोघांनीं कागदावर सही करावी. "तें नंतर बघूं," या तीन शब्दांनीं जितकीं भांडणें लाविलीं आहेत तितकीं क्वचितच दुसऱ्या कशानें लाविलीं असतील.

श्रोत्यांच्या मनांत येथें अशी शंका येईल कीं, हें सारें ठेकेदाराविरुद्ध रचलेलें कवच आहे. तसें नाहीं. हाच कागद ठेकेदाराचेंहि रक्षण करतो. अर्धें काम झाल्यावर शेजारचा बंगला पाहून फरशीचा रंग बदलणारे, ठरलेला हप्ता "पुढच्या आठवड्यांत" म्हणून महिना लांबविणारे, आणि काम निर्दोष असूनहि अखेरच्या बिलांत घासाघीस करणारे घरमालक कांहीं कमी नाहींत. ठेकेदाराच्या मागें गवंडी, मुकादम आणि बिगारी यांची सांखळी असते, आणि मालकानें अडविलेला पैसा बहुधा त्या सांखळीच्या शेवटच्या कडीला, म्हणजे डोक्यावर घमेलें वाहणाऱ्या बाईला, उपाशी ठेवतो. तेव्हां ठरलेला पैसा ठरल्या दिवशीं द्यावा. कामावरील माणसांना प्यावयास स्वच्छ पाणी, दुपारीं बसावयास सावली आणि सिमेंट हाताळणाऱ्यांस हातमोजे मिळतात कीं नाहीं, हें पाहणें मालकाच्याहि कर्तव्यांत येतें. ओलें सिमेंट कातडी जाळतें. कामावर लहान मुलांना राबवूं देऊं नये.

इतकें करूनहि दोष निघालाच, तर आधीं ठेकेदारास बोलावून समक्ष दाखवावें आणि मग लेखी पत्र द्यावें. मागें ठेवलेली रक्कम अशा वेळीं पुष्कळ कामें सामोपचारानें करून घेते. तसें न झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागतां येते; तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत ती दाखल करावी लागते. तेथें करारपत्र, पावत्या आणि छायाचित्रें हेच साक्षीदार असतात, हें सांगणें नकोच.

कामाचा हंगामहि निवडून घ्यावा. पावसाळा संपून जमीन थोडी सुकली म्हणजे कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. वैशाखांत ऊन काँक्रीटमधील पाणी पळवितें, आणि मृग तोंडावर आल्यावर सगळ्यांचीच घाई उडून ठेकेदार एका वेळीं चार घरीं पाय ठेवतो. काँक्रीटवर दुसऱ्या दिवशीं चालतां आलें, तरी मोटार आठदहा दिवस बाहेर ठेवावी. आणि टँकर २८ दिवसांपूर्वीं आंत घेऊं नये, कारण काँक्रीटची ठरलेली ताकद २८ दिवसांची धरलेली असते.

अखेरची गोष्ट जमिनीच्या हिताची. एकदां ठेकेदार आलाच आहे तर सगळेंच आवार काँक्रीटनें मढवून टाकावें, म्हणजे चिखल नको आणि झाडलोट नको, असा मोह पुष्कळांस होतो. ३०० चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला तर २५ घनफूट, म्हणजे सुमारें ७०० लिटर पाणी होतें. तेवढें पाणी मातींत मुरलें तर तें विहिरीचें आणि कूपनलिकेचें. वाहून गेलें तर रस्त्यावरच्या पुराचें. चाकांपुरते दोन पट्टे पक्के करून मधें हिरवळ ठेवणें, किंवा कडेनें दोन फूट माती मोकळी सोडून तींत पाणी वळविणें, हें खर्चानेंहि कमी आणि डोळ्यांसहि सुखकर. झाडाच्या बुंध्याभोंवतीं निदान तीन फूट जागा उघडी सोडावी. बुंध्यापर्यंत काँक्रीट आणून त्याचा गळा आंवळला तर झाड तरी वाळतें, नाहींतर मुळें काँक्रीट उचलून टाकतात. वाटेंत झाड येतें म्हणून तें तोडण्याचा विचार कोणी करीत असेल, तर शहरांत त्यास १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणें परवानगी लागते हें ध्यानांत ठेवावें. वाट वळविणें हाच बहुधा स्वस्त आणि शहाणपणाचा मार्ग ठरतो.

काम पुरें झालें, दिशा पडताळल्या, बादल्याभर पाणी ओतून पाहिलें, तरी खरी परीक्षा निसर्गाच्याच हातीं असते. मृगाची पहिली मोठी सर येईल तेव्हां घरमालकानें छत्री घेऊन दहा मिनिटें ओसरीवर उभें राहावें आणि पाणी कोणीकडे जातें तें पाहावें. तें कोठेंहि न थबकतां जोत्यापासून दूर निघालें, तर मागें ठेवलेली रक्कम ठेकेदारास बोलावून, चहा पाजून, आनंदानें द्यावी. चांगलें काम करणारा माणूस गांठीं असणें ही पुढच्या कामाची निम्मी तयारी होय.